गप्प राहणारा पेनड्राइव्ह: नेटवर्क अ‍ॅडमिनसाठी बूट होणारा मुक्तस्रोत लिनक्स संच

बंद पडलेल्या नेटवर्कपाशी पोचल्यावर पहिली अडचण साधनांची येते. समोरच्या मशीनवर पॅकेट पकडणारे काही नसते, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाला आठवत नसतो, आणि इंटरनेटच बंद असल्यामुळे काही उतरवूनही घेता येत नाही. खिशातल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले की तिन्ही अडचणी सुटतात, आणि मशीनच्या डिस्कला हातही लागत नाही.

ग्रमल, सिस्टमरेस्क्यू, क्लोनझिला असे तयार संच आहेत आणि ते चांगले आहेत. फक्त डिस्क वाचवायची असेल तर त्यांतलाच एक घ्या. नेटवर्कच्या कामासाठी मात्र स्वतःचा संच बांधणे वाजवी ठरते, कारण एक गोष्ट अगदी खात्रीने माहीत असावी लागते: परक्या नेटवर्कला जोडल्यावर हा संच आपण सांगितल्याशिवाय काय काय पाठवतो? उत्तर ‘काहीच नाही’ असे असायला हवे. चुकून सुरू राहिलेला एक डीएचसीपी सर्व्हर चुकीचे पत्ते वाटत सुटला, तर दुरुस्तीला आलेला माणूसच संपूर्ण मजल्याचे नेटवर्क पाडतो. पुढची सगळी बांधणी याच एका अटीभोवती आहे.

लेखात कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

बांधकामाचे मशीन

पाया म्हणून डेबियन १३, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले ‘ट्रिक्सी’, आणि साधन म्हणून लाइव्ह-बिल्ड, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चालणारी इमेज (पूर्ण संचाची एकच फाइल) बांधणारे डेबियनचे पॅकेज. बांधणीही डेबियनवरच करा. व्हर्च्युअल मशीन चालेल. ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी मोकळी जागा असली की पुरे. उबुंटूमध्ये याच नावाचे पॅकेज मिळते, पण ते जुन्या आवृत्तीतून फुटून वेगळ्या वाटेने गेलेले आहे. त्यावर इथले पर्याय जुळत नाहीत आणि नवशिक्यांचा पहिला दिवस तिथेच वाया जातो.

कामाचा फोल्डर ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅटवर मालकी, परवानग्या आणि डिव्हाइस फाइली टिकत नाहीत. विभाजन ‘नोडेव्ह’ किंवा ‘नोएक्झेक’ पर्यायाने माउंट केलेले असेल तरी बांधणी सुरुवातीच्या डीबूटस्ट्रॅप टप्प्यातच, म्हणजे मूळ डेबियन उभे करतानाच, मोडते.

३२ बिटांची जुनी मशीन सांभाळायची असतील तर ट्रिक्सी उपयोगाचे नाही. त्यात ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नलच मिळत नाही. त्यांच्यासाठी डेबियन १२ वर वेगळी इमेज बांधावी लागते.

सांगाडा

रिकामा फोल्डर करून त्यात ‘ऑटो/कॉन्फिग’ नावाची शेल स्क्रिप्ट लिहा आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. तिचे काम एकच: ‘एलबी कॉन्फिग नोऑटो’ ही कमांड सगळ्या पर्यायांसह चालवणे. ‘नोऑटो’ हा शब्द विसरलात तर स्क्रिप्ट स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहते. पर्याय या स्क्रिप्टमध्येच ठेवायचे, टर्मिनलवर टंकायचे नाहीत. सहा महिन्यांनी तीच इमेज पुन्हा बांधायची वेळ येते तेव्हा हीच फाइल कामी येते. फोल्डर पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा.

लागणारे पर्याय असे. ‘डिस्ट्रिब्युशन’ला ट्रिक्सी. ‘आर्काइव्ह-एरियाज’मध्ये मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर, शेवटचा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला आहे आणि तो वगळलात तर बरीच वायफाय आणि काही सर्व्हरची नेटवर्क कार्डे सुरूच होत नाहीत. ‘एपीटी-रेकमेंड्स’ला फॉल्स. ‘बूटअपेंड-लाइव्ह’मध्ये बूट=लाइव्ह, कॉम्पोनंट्स, आयपी=फ्रॉममीडिया, टाइमझोन=ईटीसी/यूटीसी आणि तुमचे होस्टनेम. वेळ यूटीसी ठेवली की वेगवेगळ्या ठिकाणच्या लॉगशी ताडून पाहणे सोपे जाते. होस्टनेम सरळ ओळखू येईल असे ठेवा: डीएचसीपीने पत्ता मागताना ते सहसा सर्व्हरकडे जाते, आणि तिथल्या अ‍ॅडमिनला हे नवे यंत्र कोणाचे ते लगेच कळते.

‘एपीटी-रेकमेंड्स’ बंद करण्याचे कारण केवळ आकार नाही. शिफारस म्हणून येणाऱ्या पॅकेजांबरोबर अवाहीसारख्या, नेटवर्कवर स्वतःहून ओळख जाहीर करणाऱ्या बोलक्या सेवाही येतात, आणि त्याच नको आहेत. मात्र याची किंमत आहे: ‘यूजर-सेटअप’ आणि ‘सूडो’ ही पॅकेजेही येत नाहीत, आणि त्यांच्याविना लाइव्ह वापरकर्ता तयारच होत नाही. इमेज बूट होते, लॉगिनची ओळ दिसते आणि आत जायला वाट नसते. ही दोन नावे यादीत हाताने घाला. ‘सीए-सर्टिफिकेट्स’ही घाला, नाहीतर कर्ल प्रत्येक एचटीटीपीएस पत्त्यावर तक्रार करेल.

इमेजमधली सगळी फाइलसिस्टम स्क्वॅशएफएस या दाबलेल्या रूपात असते. तिच्या कॉम्प्रेशनसाठी एक्सझेड की झेडएसटीडी? एक्सझेडने इमेज लहान होते, पण वाचताना प्रोसेसरला जास्त काम पडते आणि जुन्या मशीनवर प्रत्येक कमांड अडखळत उघडते. पेनड्राइव्ह आता लहान राहिलेले नाहीत, झेडएसटीडी घ्या.

काय भरायचे

पॅकेजांची यादी ‘कॉन्फिग/पॅकेज-लिस्ट्स’ फोल्डरात. फाइलच्या नावाचा शेवट ‘.लिस्ट.सीएचरूट’ असाच हवा. नुसते ‘.टीएक्सटी’ ठेवले तर फाइल दुर्लक्षित राहते, चूक झाल्याचा संदेशही येत नाही आणि साधने नसलेली इमेज हाती पडते.

दुव्यासाठी ईथटूल, आयप्रूट२, एलएलडीपीडी, आयडब्ल्यू. पत्ते आणि मार्गासाठी एआरपी-स्कॅन, एआरपिंग, एफपिंग, एमटीआर-टायनी, एनमॅप, आयपीकॅल्क. नावांसाठी बाइंड९-डीएनएसयूटिल्स, हूइज. पॅकेट पाहण्यासाठी टीसीपीडम्प आणि टीशार्क. वेग मोजायला आयपर्फ३. सिरियल कन्सोलसाठी पिकोकॉम, आणि दूरच्या कामासाठी ओपनएसएसएच-क्लायंट, टीमक्स, वायरगार्ड-टूल्स. स्विचचे फर्मवेअर चढवायला डीएनएसमास्क आणि टीएफटीपीडी-एचपीए. डिस्क तपासायला स्मार्टमॉनटूल्स, टेस्टडिस्क आणि जीडीडीरेस्क्यू. फर्मवेअरमध्ये आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेक, अ‍ॅथेरॉस, बीएनएक्स२ आणि बीएनएक्स२एक्स. शेवटची दोन नावे सर्व्हरांत वारंवार लागतात. नेटवर्क-मॅनेजर घ्या, कारण ‘एनएमटीयूआय’चा मजकुरी मेन्यू घाईच्या वेळी खरोखर सोयीचा आहे.

ग्राफिकल डेस्कटॉप पहिल्या इमेजमध्ये नको. पकडलेली पॅकेट फाइल नंतर स्वतःच्या लॅपटॉपवर वायरशार्कमध्ये निवांत पाहता येते.

टीएफटीपी, म्हणजे स्विचशी फाइलींची देवाणघेवाण करायचा साधा प्रोटोकॉल, त्यासाठी दोन पॅकेजे का, असा प्रश्न पडेल. डीएनएसमास्कचा टीएफटीपी फक्त वाचू देतो. स्विचला फर्मवेअर द्यायला तो छान, पण स्विचचे कॉन्फिगरेशन आपल्याकडे उतरवून घ्यायचे असेल तर लिहू देणारा सर्व्हर लागतो. तिथे टीएफटीपीडी-एचपीए ‘क्रिएट’ पर्यायासह चालवावा लागतो. तो पर्याय नसेल तर आधीपासून अस्तित्वात असलेल्या फाइलवरच लिहिता येते आणि स्विचवर नुसतीच परवानगीची चूक दिसते.

गप्प ठेवणे

डेबियनमध्ये सेवेचे पॅकेज बसले की सेवा सहसा आपोआप सुरू होण्यासाठी नोंदवली जाते. सर्व्हरवर हे सोयीचे असते. आपल्या पेनड्राइव्हवर हेच धोक्याचे आहे.

‘कॉन्फिग/हुक्स/नॉर्मल’ फोल्डरात ‘०५००-गप्प.हुक.सीएचरूट’ अशा धर्तीची हुक, म्हणजे बांधणीच्या वेळी इमेजच्या आत चालणारी स्क्रिप्ट ठेवा; फाइलच्या नावाचा शेवट इथेही तंतोतंत हवा. पहिल्या ओळीत शेलचे नाव, दुसऱ्या ओळीत ‘सेट -ई’, म्हणजे मधली एखादी कमांड फसली तर बांधणी थांबेल आणि अर्धवट गप्प झालेली इमेज तयार होणार नाही. पुढे सिस्टमसीटीएलने दोन प्रकारची कामे करा. कधी ना कधी हाताने सुरू करायच्या सेवा, म्हणजे डीएनएसमास्क, टीएफटीपीडी-एचपीए आणि एलएलडीपीडी, ‘डिसेबल’ करा. कधीच नको असलेल्या, म्हणजे सिस्टमडी-टाइमसिंकडी आणि एपीटी-डेली व एपीटी-डेली-अपग्रेड हे दोन टायमर, ‘मास्क’ करा. डिसेबल केलेल्या सेवेला दुसरी एखादी सेवा ओढून सुरू करू शकते. मास्क केलेली कुणालाच सुरू करता येत नाही.

एसएसएच सर्व्हर टाकूच नका. लाइव्ह इमेजचा ठरावीक वापरकर्ता ‘यूजर’ आणि ठरावीक पासवर्ड ‘लाइव्ह’ आहे हे जगजाहीर आहे, आणि त्या वापरकर्त्याला पासवर्डविना सूडो मिळतो. सर्व्हर अगदीच हवा असेल तर पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त की, म्हणजे किल्लीच्या फाइलीने लॉगिन, ठेवा, आणि हुकमध्ये ‘ईटीसी/एसएसएच’मधल्या होस्ट की पुसा. त्या बांधणीच्या वेळी तयार झालेल्या असतात, म्हणजे तुमच्या प्रत्येक पेनड्राइव्हवर त्याच खासगी की जातील. प्रत्यक्ष सुरू करण्याआधी ‘एसएसएच-कीजेन -ए’ने नव्या करा.

‘ईटीसी/मशीन-आयडी’ हीदेखील रिकामी करा. पुसायची नाही, रिकामी ठेवायची. ती भरलेली राहिली तर सगळ्या प्रतींची ओळख एकच होते, आणि या ओळखीवरून डीएचसीपीचा क्लायंट आयडी काढणारी व्यवस्था असेल तिथे दोन पेनड्राइव्हना एकच पत्ता मिळतो. ही चूक शोधायला फार जड जाते, कारण दोन्ही मशीनचे मॅक पत्ते वेगळे असतात आणि संशय भलतीकडेच जातो.

आता पोर्ट. ‘कॉन्फिग/इन्क्लूड्स.सीएचरूट’ हा फोल्डर म्हणजे इमेजच्या मुळाचे प्रतिबिंब. त्यात जिथे फाइल ठेवाल तिथेच ती इमेजमध्ये उमटते. तिथल्या ‘ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये फक्त लूपबॅक ठेवा. ‘आयपी=फ्रॉममीडिया’ दिल्यामुळे लाइव्ह-बूट ही फाइल आहे तशी वापरते आणि प्रत्येक पोर्टाला डीएचसीपी जोडत बसत नाही. ‘ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’मध्ये एक छोटी फाइल: ‘मेन’ विभागात नो-ऑटो-डिफॉल्ट=*, आणि ‘कीफाइल’ विभागात अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस=टाइप:वायफाय. पहिल्या ओळीमुळे केबल लावताच आपोआप जोडणी तयार होत नाही. दुसरीमुळे वायफाय कार्ड आसपासची नेटवर्के धुंडाळत नाही.

आयपीव्ही६ राहिले. पोर्ट नुसता उघडला तरी कर्नल स्वतःचा लिंक-लोकल पत्ता तपासायला आणि राउटर विचारायला पॅकेट सोडतो. ‘ईटीसी/सिससीटीएल.डी’मध्ये नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.डिफॉल्ट.डिसेबल_आयपीव्ही६=१ आणि तीच ओळ ‘ऑल’साठी लिहा. हवे तेव्हा त्या एका पोर्टापुरते शून्य करता येते.

एलएलडीपी म्हणजे स्विच आपली ओळख शेजाऱ्यांना कळवतात तो प्रोटोकॉल. त्यासाठीचा एलएलडीपीडी ऐकतो तसा बोलतोही. ‘ईटीसी/डिफॉल्ट/एलएलडीपीडी’मध्ये ‘डीमन_आर्ग्ज’ला ‘-आर’ द्या. मग तो फक्त ऐकतो. सिस्कोचा तशाच कामाचा सीडीपीही ऐकायचा असेल तर सोबत ‘-सी’. केबल कुठल्या स्विचच्या कितव्या पोर्टात गेली आहे हे एकही पॅकेट न पाठवता कळते. एवढ्यासाठीसुद्धा हा संच बाळगण्यासारखा आहे. थोडे थांबावे लागते: एलएलडीपी साधारण ३० सेकंदांनी येते, सीडीपी ६० सेकंदांनी.

एक तपासणी स्क्रिप्ट

‘इन्क्लूड्स.सीएचरूट’खाली ‘यूएसआर/लोकल/बिन’मध्ये स्वतःची स्क्रिप्ट ठेवा, परवानगी ७५५. (फॅटवरून फाइली कॉपी केल्या तर ही परवानगी हरवते, गिटने टिकते.) क्रम तळापासून वरचा ठेवा, कारण तळाला बिघाड असताना वरच्या चाचण्यांचे निकाल दिशाभूल करतात.

आधी ईथटूलने दुवा, वेग आणि डुप्लेक्स. गिगाबिट पोर्टावर १०० एमबीपीएस दिसले तर केबलच्या एखाद्या जोडीचा संशय घ्या: १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. हाफ डुप्लेक्स दिसले तर बहुधा दुसऱ्या टोकाला वेग हाताने पक्का केलेला आहे आणि आपले टोक ऑटोवर आहे. मग एलएलडीपीडीने शेजारचा स्विच. मग, विचारून, पत्ता. त्यानंतर गेटवेला एआरपिंग. गेटवे पिंगला उत्तर देत नसला तरी एआरपीला द्यावेच लागते. मग बाहेरच्या पत्त्याला पिंग, मग डिगने नाव सोडवणे, तेही दोनदा: नेटवर्कने दिलेल्या सर्व्हरकडून एकदा आणि बाहेरच्या सर्व्हरकडून एकदा. शेवटी १४७२ बाइटचा, तुकडे न करण्याच्या अटीचा पिंग. २८ बाइट हेडरचे मिळून १५०० होतात. लहान पिंग जातो आणि हा अडतो, तर वाटेत एखादा टनेल एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, खातो आहे. ‘काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघते.

स्कॅन करणाऱ्या कमांड या स्क्रिप्टमध्ये घालू नका. एनमॅप हाताने, नेटवर्कच्या मालकाच्या परवानगीनेच चालवायचा.

सिरियल केबलसाठी वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात हवा. बूटच्या ओळीत ‘लाइव्ह-कॉन्फिग.यूजर-डिफॉल्ट-ग्रुप्स’मध्ये त्याचे नाव जोडा. केबल लावूनही ‘टीटीवाययूएसबी०’ दिसत नसेल तर ‘बीआरएलटीटीवाय’ पॅकेज आत शिरले आहे का पाहा. ते ब्रेल यंत्रांसाठी आहे आणि सीएच३४० चिपच्या केबललाच ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेऊ शकते. जोडताना बहुतेक स्विचांना ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

बांधणी आणि चाचणी

‘एलबी कॉन्फिग’, मग रूट म्हणून ‘एलबी बिल्ड’. स्क्रीनवरचे सगळे ‘टी’ कमांडने लॉग फाइलमध्येही जाऊ द्या, कारण खरी चूक शेवटच्या ओळीच्या बरीच वर असते. यश मिळाले की ‘लाइव्ह-इमेज-एएमडी६४.हायब्रिड.आयएसओ’ तयार होते. बदल करून पुन्हा बांधण्याआधी ‘एलबी क्लीन’ हवेच. नाहीतर आधीच्या बांधणीचे अवशेष नव्या इमेजमध्ये उतरतात. ‘एलबी क्लीन --पर्ज’ उतरवलेली पॅकेजेही पुसते, म्हणून ते अगदी अडल्यावरच.

पहिली चाचणी क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये २ जीबी मेमरी देऊन, एकदा जुन्या बायॉसवर आणि एकदा ओव्हीएमएफ या फर्मवेअरच्या साहाय्याने यूईएफआयवर. दोन्ही करा, एकावर चालणारी इमेज दुसऱ्यावर काळ्या पडद्याशी थांबल्याची उदाहरणे सर्रास असतात. सिक्युअर बूट मात्र खऱ्या मशीनवरच तपासा.

शांततेची चाचणी अशी. दुसऱ्या एका मशीनला थेट केबलने जोडा, तिथे टीसीपीडम्प ‘-एन -ई’ने सुरू ठेवा आणि मग संच बूट करून दहा मिनिटे हात लावू नका. संचाच्या मॅक पत्त्यावरून एकही पॅकेट यायला नको. सुरुवातीला डीएचसीपी डिस्कव्हर दिसले तर वेळ पाहा: लिनक्स सुरू होण्याआधीचे असेल तर ते मशीनच्या नेटवर्क बूटने पाठवलेले आहे, तुमच्या इमेजने नाही. नंतरचे असेल तर इमेज अजून तयार नाही.

पेनड्राइव्हवर उतरवणे

८ जीबीचा पुरतो, १६ जीबीचा बरा. ‘एलएसबीएलके’ने आकार आणि मॉडेल पाहून नाव पक्के करा, मग ‘डीडी’ला बीएस=४एम, कॉन्व्ह=एफसिंक आणि स्टेटस=प्रोग्रेस द्या. लक्ष्य पूर्ण यंत्र हवे, ‘एसडीबी’सारखे, ‘एसडीबी१’वर लिहिले तर बूट होत नाही, आणि चुकून ‘एसडीए’ दिले तर बांधकामाचे मशीनच गेले. लिहून झाल्यावर ‘सीएमपी -एन’ला आयएसओचा नेमका बाइटआकडा देऊन परत वाचून ताडा. खराब पेनड्राइव्ह इथेच पकडला जातो.

बूट मेन्यूत दोन जादा नोंदी कामाच्या. एक ‘टोरॅम’: सगळे मेमरीत चढते आणि पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशीनला लावता येतो, अर्थात मेमरी इमेजच्या आकारापेक्षा बरीच जास्त हवी. दुसरी ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’, पडदा नसलेल्या सर्व्हरसाठी. मेन्यूच्या मूळ फाइली ‘यूएसआर/शेअर/लाइव्ह/बिल्ड/बूटलोडर्स’मधून ‘कॉन्फिग/बूटलोडर्स’मध्ये आणून बदला, आणि मेन्यूच्या मथळ्यात बांधणीची तारीख घाला.

पकडलेली पॅकेट जपायची असतील तर उरलेल्या जागेत तिसरे विभाजन करा, त्याला एलयूकेएस या लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने कुलूप लावा, आत ईएक्सटी४ आणि त्याचे लेबल ‘पर्सिस्टन्स’. त्याच्या मुळाशी ‘पर्सिस्टन्स.कॉन्फ’ आणि तिच्यात एकच ओळ: /एसआरव्ही/कॅप्चर. पूर्ण मूळ साठवणारी ‘/ युनियन’ ओळ टाळा. तिच्यामुळे एका ठिकाणची नेटवर्क रचना दुसऱ्या ठिकाणी जागी होते आणि संच पुन्हा बोलका होतो. बूटच्या ओळीत पर्सिस्टन्स आणि पर्सिस्टन्स-एन्क्रिप्शन=एलयूकेएस, आणि इमेजमध्ये क्रिप्टसेटअपसोबत ‘क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस’ हवेच; ते नसेल तर पासफ्रेज विचारलाच जात नाही. कुलूप टाळू नका, पॅकेटांत लोकांचे पासवर्ड असतात. नवी इमेज ‘डीडी’ने लिहिली की हे विभाजन जाते, म्हणून आधी ते रिकामे करून घ्या.

इतरांना देताना

संच दुसऱ्याला दिला की तुम्ही वितरक झालात. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे बायनरीसोबत सोर्स द्यावा लागतो किंवा किमान तीन वर्षे वैध असा लेखी देकार. सोपा मार्ग म्हणजे ‘सोर्स’ पर्याय ट्रू करून सोर्सची इमेजही त्याच वेळी बांधणे आणि दोन्ही शेजारी ठेवणे. स्वतःच्या स्क्रिप्टांवर परवान्याचे नाव स्पष्ट लिहा. परवाना नसलेला कोड उघड्यावर असला तरी मुक्त नसतो. संचाचे नाव डेबियनचे अधिकृत रूप वाटेल असे ठेवू नका.

इमेज बारीक करण्यासाठी ‘यूएसआर/शेअर/डॉक’ उडवणारे हुक ठिकठिकाणी सापडतात. ते घेऊ नका. परवान्यांचे मजकूर त्याच फोल्डरात असतात आणि ते सोबत देणे बंधनकारक आहे. मॅन पानेही राहू द्या, कारण नेटवर्क बंद असताना कमांडचा पर्याय पाहायला दुसरी जागा नसते.

आयएसओसोबत एसएचए२५६ची बेरीज, तिच्यावर जीपीजी सही, आणि लाइव्ह-बिल्डने आपोआप बनवलेली ‘.पॅकेजेस’ यादी ठेवा. डेबियनचे प्रत्येक पॉइंट रिलीज आले की पुन्हा बांधा, शांततेची चाचणी पुन्हा करा, आणि मगच जुनी इमेज काढून टाका.